अष्टमीची टेप

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. रंकाळ्यावर फिरायला गेलो की कोणीतरी हमखास धरतं, "साहेब, एखादी जबरी केस सांगा की." माणसांना खून पाहिजे असतो, दरोडा पाहिजे असतो. तसल्या केसेस मीही पाहिल्या, पण त्या आठवायला मला डोकं खाजवावं लागतं. जी आपणहून आठवते, आजही आठवते, ती केस एका सायकलच्या अपघाताची आहे. वर्तमानपत्रात तिला चार ओळी मिळाल्या होत्या. कोणाचं नाव मी घेणार नाही. त्यातले दोघे आता या जगात नाहीत, आणि बाकीच्यांची ओळख देऊन मला काही साधायचं नाही.

गारगोटी रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवरात्रातली अष्टमी. पहाटे पाच चाळीसच्या सुमारास, सायकलला दुधाची किटली अडकवून डेअरीकडे निघालेल्या एका निवृत्त शिक्षकाला मागून दुधाच्या टँकरनं उडवलं आणि टँकर न थांबता कोल्हापूरकडे निघून गेला. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली. दूध घालायला निघालेल्या एका बाईनं टँकर पाहिला होता. नंबर तिला दिसला नाही. "मागं हिरवा पोपट काढलेला हुता," एवढंच ती सांगे आणि त्यावर ठाम होती.

हिरव्या पोपटाचा टँकर कोणाचा, हे सांगायला गावाला पोलीस लागले नाहीत. गावचाच एक तिशीतला गडी दूध संघाचा टँकर चालवायचा, रोज त्याच वेळेला त्याच रस्त्यानं जायचा. आणखी म्हणजे तो गुरुजींचाच विद्यार्थी. रोज पहाटे गुरुजींची सायकल दिसली की गाडी हळू करून दोनदा हॉर्न वाजवायचा, गुरुजी हात वर करायचे. सगळ्या गावानं हे पाहिलेलं. त्यामुळे लोकांना राग आला तो दुप्पट. ज्यानं अक्षर शिकवलं त्यालाच चिरडून पळाला, अशी बोलणी सुरू झाली.

मी त्याला दुपारी आणला. गुन्हा दाखल केला. गुन्हा जामीनपात्र, त्याच दिवशी जामीन झाला. संघानं कामावरून बाजूला केलं. माझ्या दृष्टीनं तपास जवळजवळ संपला होता.

पण हा बाबा जामीन होऊनही जाईना. हुपरीला त्याची बहीण होती, तिच्याकडे राहायचा आणि दोन एसट्या बदलून रोज सकाळी दहाला ठाण्यात येऊन बाकड्यावर बसायचा. हवालदारांनी हाकललं तर बाहेर लिंबाखाली उभा राहायचा. आठ दिवस मी बघितलं, मग माझं डोकं फिरलं.

"अरे, तुला बोलावलंय का कोणी? घरी जा!"

"कुठल्या घरी जाऊ, साहेब?" तो म्हणाला. "गल्लीत शिरलो की माणसं दारं लावत्यात. आई इचारती, खरं सांग, तूच हाईस न्हवं? आईलाच तसं वाटाय लागलंय. मग ऱ्हायलं काय?"

"मग तू नाहीस म्हणतोस?"

"न्हाय की! मी त्या टायमाला कोल्हापुरात संघाच्या काट्यावर हुतो. अष्टमीला देवीच्या गर्दीनं रस्तं बंद करत्यात म्हणून तासभर आधी निघालतो. आणि पोपट काय माझ्या एकट्याच्या गाडीवर हाय व्हय? गारगोटीच्या पेंटरनं दोन गाड्यांवर काढलाय."

पहिल्या दिवशीही तो हेच बोलला होता. मी जबाबात लिहून घेतलं होतं आणि पुढे गेलो होतो. खरं सांगतो, ठाण्यात प्रत्येक माणूस त्या वेळेला दुसरीकडेच असतो. पण आठ दिवस फुकट बाकडं झिजवणारा आरोपी मी त्याआधी पाहिला नव्हता. सुटलेला माणूस पोलिसांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. मी गाडी काढली आणि संघात गेलो.

त्यानं सांगितलेल्या दुसऱ्या टँकरवर पोपट नव्हता. दसऱ्याला गाडी रंगवून घेतली, असं तिचा ड्रायव्हर म्हणाला. दसऱ्याला गाडी रंगवणं हा काही गुन्हा नाही, निम्मा जिल्हा रंगवतो. आधी मागे काय होतं म्हणून विचारलं, तर गारगोटीच्या पेंटरला गाड्याच आठवेनात, संघातल्या एकाला मोर आठवे, एकाला गुलाबाचं फूल. राहिला वजनकाटा. दूध घेऊन आलेला प्रत्येक टँकर काट्यावर चढतो आणि वेळेसकट वजनाची नोंद होते. संगणक आल्यावर हाती रजिस्टर बंद झालेलं. आमच्या ड्रायव्हरनं आपली पावती हात पुसून फेकून दिली होती, ऑफिसच्या प्रतीवर प्रिंटरची रिबन वाळल्यामुळे एकही अक्षर उमटलं नव्हतं. आणि खुद्द संगणक दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी विजेचा दाब वाढून जळाला होता.

"पण टेप हाय," संगणकाची खोली सांभाळणारे आप्पा म्हणाले. पंचावन्न-छप्पन वय, डोक्यावर पांढरी टोपी, आयुष्य टाइपरायटरवर गेलेलं आणि उतारवयात संगणक गळ्यात पडलेला. आठवड्यातून एकदा ते संगणकातली सगळी माहिती एका छोट्या टेपवर उतरवून कपाटात ठेवायचे. दिसायला गाण्याच्या कॅसेटसारखी, तिच्याहून बारकी. शेवटची टेप अष्टमीच्या संध्याकाळी भरलेली. म्हणजे आम्हाला हवी ती सकाळ तिच्यात होती.

टेप नव्या संगणकाच्या यंत्रात घातली. यंत्रानं घर्रर्र केलं आणि टेप बाहेर ढकलली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. पुण्याहून यंत्राच्या कंपनीचा तंत्रज्ञ आला, चष्मेवाला सभ्य गृहस्थ. त्यानं झडपेखाली विजेरी मारली आणि मला बाजूला घेतलं.

"साहेब, ही आपोआप बिघडलेली नाही. आत कोणीतरी काहीतरी टाकलंय."

टेप लाखेचं सील करून मी मुद्देमालात घेतली. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात फोन आला. माणसानं नाव सांगितलं नाही. "त्या आप्पाला इचारा," म्हणाला, "नवमीला खोलीचं दार लावून टेप घिऊन बसलता. भाईर आला तवा बोटं लाल हुती. धुवाय पळाला. काय तरी भानगड हाय बघा." आणि फोन ठेवला.

मला तर वाटलं, केस फुटली. दुसऱ्या ड्रायव्हरला वाचवायला आप्पानं पुरावा नासवला. लाल बोटं म्हणजे मला शाई सुचली, रंग सुचला, रसायन सुचलं. दिवस नवमीचा आहे, हे स्टेशन डायरीत मी स्वतःच्या हातानं लिहिलं, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

आप्पांना बोलावलं. पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात पहिल्यांदा चढत होते. टोपी काढून मांडीवर ठेवली, मग पुन्हा घातली, मग पुन्हा काढली.

"नवमीला दार का लावलं होतं?"

"असंच."

"टेपला काय केलं?"

"कायबी न्हाय."

"बोटं लाल कशानं झाली?"

चहा दिला, प्याले नाहीत. मी आवाज चढवला, पुरावा नष्ट केला तर काय शिक्षा होते ते ऐकवलं. माणूस टोपी मुठीत चुरगळत राहिला, पण तोंड उघडीना. इतका घाबरलेला माणूस निर्दोष असेल, असं तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. दोन तास गेले. शेवटी वैतागून मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना दाराशी नेलं. समोर बाकड्यावर ड्रायव्हर बसला होता. दाढी वाढलेली, कोणाकडे न बघता चपलेच्या अंगठ्याशी चाळा चाललेला.

"बघा त्याच्याकडं. तुमच्या टेपमध्ये त्याचं सगळं अडकलंय. तो खरा की खोटा, सांगणारं दुसरं काही उरलेलं नाही."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हसणार न्हाय न्हवं?"

"नाही हसत. बोला."

"पूजा केलती."

खंडेनवमी! प्रत्येक कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतो, सुताराची करवत, शेतकऱ्याचं खुरपं, तशी आप्पांनी आपल्या टेपची केली होती. दर वर्षी करायचे. फक्त मागच्या साली संगणकाच्या खोलीत नारळ फोडल्यावर नव्या मॅनेजरनं नोटीस काढली होती की इथे हळद, कुंकू, फुलं, पाणी काही आणायचं नाही. आप्पांच्या नोकरीची दोन वर्षं उरलेली. म्हणून दार लावलं.

"पण आत कुंकू कसं गेलं?"

"गेल्या साली नुसत्या डबीला लावलतं, साहेब. दिवाळीत मशीन अडकलं, तीन दिवस काम बंद. म्हटलं, देव दारातनंच माघारी गेला असंल. म्हणून यंदा झडप उचलून आतल्या फितीला गंध लावलं. वर दोन अक्षता टाकल्या." आणि एवढं बोलून तो माणूस ढसाढसा रडायला लागला. "सगळ्या गावांचं दूध हाय हो त्यात. माझ्या हातनं वाईट कसं हुईल?"

मी हसणार नाही असा शब्द दिला होता. तो मी पाळला नाही. खो खो हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हवालदार दारातून म्हणाले, "साहेब, आपण बी बंदुकांना हळद-कुंकू लावतोयच की." तेव्हा माझं हसू थांबलं. त्याच नवमीला ठाण्याच्या बंदुकांपुढे पहिला नारळ मीच वाढवला होता. फरक एवढाच की बंदुकीला कुंकवानं काही होत नाही. आप्पांची माफी मागायला हवी होती. मी नवा चहा मागवला. आमच्या खात्यात माफी तशीच मागतात.

आता प्रश्न टेपचा. सरकारी प्रयोगशाळेत नंबर लागायला सहा महिने सहज जाणार होते. पुण्याचा तंत्रज्ञ म्हणाला, "कुंकू फितीच्या सुरुवातीलाच लागलंय. यंत्र तिथंच ओळख वाचतं, ती वाचता येईना म्हणून टेप बाहेर टाकतंय. मधली माहिती बहुतेक शाबूत आहे. फीत साफ करून नव्या डबीत बसवली, तर सुरुवात ओलांडून वाचायचा प्रोग्रॅम माझ्याकडे आहे. पण ती उघडायला माझा हात धजत नाही. फीत जरा ताणली की संपलं."

लक्ष्मीपुरीत एक चाचा होते. टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. कॅसेटचा जमाना उतरला तरी दुकान बंद केलं नव्हतं. तुटलेल्या कॅसेटी जोडून द्यायचे. कोणाच्या वडिलांचा आवाज, कोणाच्या लग्नातली सनई. न्यायालयात अर्ज करून टेप उघडण्याची परवानगी काढली, दोन पंच घेतले, आप्पा, तंत्रज्ञ आणि हवालदार अशी वरात घेऊन मी भर दुपारी त्या दुकानात शिरलो.

चाचांनी टेप हातात घेऊन उलटीपालटी केली. "हिच्यात गाणं न्हाय व्हय?"

"नाही. वजनं आहेत."

"कशाची?"

"दुधाची."

"मग तर सांभाळूनच कराय पायजे," चाचा म्हणाले आणि पंखा बंद करायला सांगितला.

आम्ही सहा जण घामानं निथळत उभे. चाचांनी घड्याळजीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, चार स्क्रू काढून क्रमानं कागदावर मांडले, झाकण उचललं. आत लालसर पूड पसरलेली. आणि एका चक्राच्या कडेला, फितीखाली अडकून बसलेलं काहीतरी पांढरं. त्यांनी चिमट्यानं ते अलगद काढून उजेडात धरलं.

"ह्यो तर तांदूळ हाय!"

हवालदारांनी पंचनाम्याचा कागद सरसावला. "साहेब, काय लिहू?"

"लिहा. तांदळाचा दाणा, एक, तुटका, कुंकू लागलेला."

पंचांपैकी एक जण फळवाला होता. त्यानं आपसूक हात जोडले. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते, त्यांना बघवत नव्हतं.

चाचांनी आधी मऊ कुंचल्यानं पूड झाडली. मग काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून फितीचा एकेक वीत पुसत गेले. एका हातानं पेन्सिल चक्रात घालून तसूतसूनं फिरवायची, दुसऱ्या हातानं पुसायचं. "ओढली की लांबती," आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणत होते, "लांबली की मग अल्लासुद्धा न्हाय वाचू शकणार." तंत्रज्ञाला राहवेना, तो मध्येच काही सुचवायला गेला. चाचांनी मान वर न करता सांगितलं, "पावणं, जरा दमानं घ्या." पुढचे दोन तास पुण्याहून आलेला तो शिकलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा गप्प उभा होता. फीत नव्या डबीत बसली, चार स्क्रू लागले, टेप पुन्हा सील झाली. चाचांनी पाणी पिऊन आप्पांना हाक मारली. "अहो, इकडं बघा. तुमची पोरगी नांदाय निघाली."

संध्याकाळी संघात नव्या यंत्रात टेप घातली. घर्रर्र झालं. आप्पांनी डोळे मिटले. मग यंत्राचा आवाज बदलला आणि बारीक, एकसारखी गुणगुण सुरू झाली. तंत्रज्ञानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाऊण तासानं पडद्यावर ओळी उमटायला लागल्या.

अष्टमी. आमच्या ड्रायव्हरचा टँकर पाच वाजून चौतीस मिनिटांनी काट्यावर उभा. अपघाताच्या सहा मिनिटं आधी, अपघातापासून चाळीस किलोमीटर लांब. दुसरा टँकर, रोज साडेसहाच्या आत येणारा, त्या दिवशी आठला आला होता.

तो कागद समोर ठेवल्यावर दुसऱ्या ड्रायव्हरला काही विचारावं लागलं नाही. डुलकी लागली होती. लोक मारतील या भीतीनं पळाला. वाटेत गॅरेजात दिवा बदलला, दसऱ्याला पोपटावर रंग मारला. पुढे न्यायालयात त्यानं गुन्हा कबूल केला. आप्पांवर मी काही कारवाई केली नाही. पुरावा नासवायचा त्यांचा हेतूच नव्हता. मॅनेजर त्यांना नोटीस द्यायला निघाला होता. त्याला म्हणालो, "ज्या टेपनं तुमच्या संघाची अब्रू वाचवली, ती भरून कपाटात कोणी ठेवली होती ते आधी बघा." आप्पा मानानं निवृत्त झाले.

ड्रायव्हरला ठाण्यात बोलवावं लागलं नाही, तो बाकड्यावर होताच. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला, चार वेळा घडी घातली आणि खिशात ठेवला. म्हटलं, आता गावात जाईल. तर म्हणतो, "साहेब, आधी गुरुजींकडं. पण एकट्याचं धाडस व्हईना. तुमी याल?"

गुरुजी सरकारी दवाखान्यात होते. शुद्धीवर आल्यावर मीच त्यांचा जबाब घेतला होता. टँकर मागून आला, पुढचं आठवत नाही, असा चार ओळींचा जबाब. पायाला वजन लावून पडले होते, अंगात फक्त डोळे तेवढे जिवंत. आम्हाला बघून त्यांच्या पत्नी स्टुलावरून उठल्या. ड्रायव्हर पलंगापाशी गेला, खिशातून कागद काढून दोन्ही हातांनी पुढे केला.

"गुरुजी, मी न्हवतो. ह्यात लिवलंय. साहेबांनी टेपमधनं काढलंय. मी काट्यावर हुतो."

गुरुजींनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"ते खाली ठेव," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण धार वर्गातलीच होती. "तू न्हवतास हे मला पहिल्या दिवसापासनं म्हाईत हाय. तू असतास तर मला उचलून हितं घिऊन आला असतास. पण तू बघाय का आला न्हाईस? महिना हुत आला. मी रोज दाराकडं बघतोय."

"तोंड दाखवायची लाज वाटत हुती, गुरुजी."

"केलंच नव्हतंस, तर लाज कसली रे, गाढवा?"

तीस वर्षांचा तो धिप्पाड गडी पलंगाच्या कडेला डोकं टेकून पोरासारखा रडला. गुरुजींनी हात त्याच्या केसांवर ठेवला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. कोणी पाहिलं असतं तर साहेब रडतायत म्हणून बोंब झाली असती.

त्या जबाबाच्या वेळी मी गुरुजींना वेळ विचारली होती, रस्त्याची बाजू विचारली होती, टँकरचा रंग विचारला होता. तुम्हाला काय वाटतं, तुमचा विद्यार्थी हे करेल का, असं विचारलं नव्हतं. कारण ते मत झालं, पुरावा नव्हे, आणि न्यायालयात त्याला किंमत नाही. ते बरोबरच होतं. गावाला पटवायला कागद लागला असता, आणि तो मिळवला याचा मला अभिमान आहे. पण त्या पलंगापाशी मी तो एक प्रश्न विचारला असता, तर त्या पोराला उत्तर त्याच दिवशी नेऊन दिलं असतं, आणि तो इतके दिवस माझ्या बाकड्यावर न बसता गुरुजींच्या स्टुलावर बसला असता. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक जबाब पुरा झाला की मी पेन खिशात ठेवत असे आणि समोरच्याला विचारत असे, "आता मला सांगा, तुम्हाला काय वाटतं?"